ग्रहणाला वाटलेला छातीचा फोटो

मित्रांनो, तुम्ही मला पाहिले असेल, पण माझ्याकडे पाहिले नसेल. दवाखान्यात भिंतीवर पांढऱ्या काचेची एक पेटी असते. डॉक्टर बटण दाबतात, काच उजळते आणि तिच्यावर लावलेल्या काळ्या फोटोत माणसाच्या फासळ्या दिसू लागतात. तुमचे डोळे आधी त्या फासळ्यांवर असतात, मग डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जातात. मागच्या दिव्याकडे कोण बघणार? तो दिवा म्हणजे मी. मी एक जुनी, पत्र्याची, एक्स-रे बघायची पेटी आहे, आणि माझे बहुतेक आयुष्य भीतीत गेले आहे.

भीती तुम्हालाही वाटते. पण तुमच्या पुढ्यात फोटो येतो तेव्हा त्यातले तुम्हाला काही कळत नसते, आणि कळत नाही तोवर थोडी आशा असते. माझ्या अंगावर फोटो चढला की मला सगळे आधी दिसते. सांगता मात्र येत नाही.

माझा जन्म भायखळ्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझे अंग केले, त्याला पांढरा रंग दिला, आत ट्यूब बसवल्या आणि पुढे दुधी काच लावली. एक नव्हे, दोन काचा, शेजारी शेजारी. वरच्या कडेला फिल्म धरायला स्टीलचे चाप. मग मला पेंढ्यात गुंडाळून टेम्पोतून बोईसरला आणले.

ते दिवस सत्तरच्या दशकातले होते. बोईसरला एकामागून एक कारखाने उभे राहत होते. घिवलीच्या बाजूला समुद्राकाठी वीज तयार होत होती. परभणी, सांगली, सातारा, कुठून कुठून माणसे कामाला येत होती आणि नव्या चाळींत राहत होती. स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर डॉक्टर साव्यांनी दवाखाना काढला होता. डॉक्टर तेव्हा तरुण होते. मला भिंतीवर ठोकून झाल्यावर त्यांनी दोन्ही काचा पेटवल्या, दोन पावले मागे सरून माझ्याकडे पाहिले आणि कंपाउंडरला म्हणाले, “डावीकडे मागचा फोटो, उजवीकडे आजचा. आमचे सर सांगायचे, एकटा फोटो बघणं म्हणजे एका बाजूचंच ऐकून निवाडा करणं.”

मला फार अभिमान वाटला. मला दोन काचा का दिल्या आहेत ते मला त्या दिवशी कळले.

कामाचे दिवस सुरू झाले. यंत्रात सापडलेली बोटे, होडीवर घसरून मोडलेली मनगटे, आणि छात्या. छात्या सर्वांत जास्त. डोंगराकडच्या पाड्यांवरून, वीटभट्ट्यांवरून, चाळींतून खोकणारी माणसे यायची. फोटोत हवा काळी दिसते, आणि पाणी, हाड, जुना व्रण पांढरे दिसतात, एवढे तुम्ही लक्षात ठेवा. त्या काळ्यात पांढरा डाग दिसला की डॉक्टर म्हणायचे, “टीबी.” बहुतेक वेळा तो टीबीच असायचा. औषध सुरू व्हायचे आणि सहा-आठ महिन्यांनी तोच माणूस अंगावर मांस धरून, परसातली वांगी घेऊन यायचा. लोक म्हणत, “सावे डॉक्टरांनी फोटोकडे नुसतं बघितलं तरी टीबी पळतो.” त्या कौतुकात थोडे माझेही होते. पण माणसाला ज्याची शाबासकी मिळते तेच त्याला सगळीकडे दिसू लागते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

शेजारच्या खोलीत जमना असायची. ती मुरब्याच्या मच्छीमारांच्या घरातली. फोटो काढायचे आणि डार्करूममध्ये धुवायचे काम तिचे. तिच्या हाताला मासळीपेक्षा हायपोचाच, म्हणजे फोटो धुवायच्या औषधाचाच, वास जास्त यायचा. भिंतीपलीकडून तिचा आवाज मला रोज ऐकू येई. “छाती लावा पाटीला. हनुवटी वर. लग्नाच्या फोटोला बसला होता ना, तसं ताठ राहा. श्वास घ्या! धरा! …सोडा.” मग ओली फिल्म ठिबकत माझ्याकडे यायची.

पुढे माझ्या डाव्या काचेची ट्यूब गेली. काही दिवस ती फडफडली, मग काळी पडली. कोणी बदलली नाही. बदलून उपयोग तरी काय होता? मागचा फोटो कोणी आणतच नसे. कोणी तो गुंडाळून आढ्याला खोचलेला असे आणि पावसात तो चिकटून गेलेला असे. कोणी खिडकीच्या फुटक्या काचेला लावलेला असे. माझ्या डाव्या काचेवर एका औषध कंपनीचे कॅलेंडर आले. एका डोळ्यावर पट्टी बांधावी तशी मी वर्षानुवर्षे राहिले.

आणि मग नागोराव आले.

नागोराव मूळचे परभणीकडचे. बोईसरच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे. बायको लवकर गेली. मुलगी सुगंधा त्यांनी एकट्यांनी वाढवली. ती शाळेत शिकवत होती. चाळिशी ओलांडल्यावर नागोरावांची फुप्फुसे हळूहळू आक्रसू लागली. का, ते कोणाला नीट सांगता आले नाही. बूट घालायला वाकले तरी त्यांना धाप लागे. त्यांचा धाकटा भाऊ मारुती विलायतेत डॉक्टर होता. त्याने त्यांना तिकडे बोलावून घेतले. तिथे बरेच महिने वाट पाहिल्यावर, अपघातात गेलेल्या एका अनोळखी माणसाचे डावे फुप्फुस त्यांच्या छातीत बसवले. उजवे त्यांचे स्वतःचे, आक्रसलेले, तसेच ठेवले.

चौऱ्याण्णव साली ते परत आले तेव्हा बगलेत तपकिरी रंगाचे मोठे पाकीट होते.

“डॉक्टरसाहेब, पाहुणा आणलाय,” ते म्हणाले. “ओळख करून घ्या.”

डॉक्टरांनी एकेक फोटो माझ्या उजव्या काचेवर लावला. मित्रांनो, तसे फोटो मी कधीच पाहिले नव्हते. पहिला शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीचा. नव्या फुप्फुसात पाणी उतरून ते पांढरेधोप झाले होते, आणि आत नळ्या, तारा, टाक्यांच्या बारीक टाचण्या. मला वाटले, या माणसाचे काही खरे नाही. पण तो माणूस माझ्यासमोर खुर्चीवर बसून पाय हलवत होता! पुढच्या फोटोंत ते पाणी ओसरत गेले. शेवटच्या फोटोत डावी बाजू रात्रीच्या आभाळासारखी काळी, स्वच्छ होती. उजवी मात्र लहान, पांढरी, जाळीजाळीची, कुस्करलेल्या कागदासारखी.

“ही बाजू आपली, आणि ही पाहुण्याची,” नागोराव बोट ठेवून म्हणाले. “घर बघा आणि पाहुणा बघा. लाज वाटते हो.”

डॉक्टर हसले. “गोळ्या वेळच्या वेळी घेता ना?”

“घेतो की. घरचेच, म्हणजे रक्तातले रोगाशी लढणारे शिपाई, पाहुण्याच्या अंगावर धावून जातात म्हणे. म्हणून घरच्यांना गुंगीत ठेवायचं, जन्मभर. माझा भाऊ सांगतो, एक वेळ जेवण चुकव, पण ही गोळी चुकवू नको.”

सुगंधा दाराशी उभी होती. ती हसली नाही. तिला भीती वाटत होती, हे मला कळले. भीती भीतीला ओळखते.

वर्षभर सगळे नीट चालले. नागोराव महिन्या-दोन महिन्यांनी येत, वजन करून घेत, जमनाशी थट्टा करत. “जमनाबाय, पाहुण्याला बोंबील चालतो का गं?” “चालतंय काका, तुमच्या पैल्या फुप्फुसाला नाय चाललं म्हणून तर ते रुसलं!”

पंच्याण्णव सालची दिवाळी आली. तुमच्या आईवडिलांना आठवत असेल, त्या दिवाळीत सूर्यग्रहण लागले होते. सकाळपासून दवाखान्याच्या दारात मुलांची रांग. “जमनामावशी, काळा फोटो दे ना! सूर्य बघायचाय!” जमनाने खराब झालेल्या सगळ्या फिल्म वाटून टाकल्या. खरे तर अशा फिल्ममधून सूर्याकडे पाहू नये, डोळ्यांना कायमची इजा होते. वर्तमानपत्रांत तसे छापून आले होते म्हणे. पण ऐकतो कोण?

नंतर नागोराव आले तेव्हा मोठ्या खुशीत होते.

“डॉक्टरसाहेब, ग्रहणाला अख्ख्या चाळीला माझी छाती वाटली! विलायतेचे फोटो ना ते, फिल्म कशी जाड, काळीभोर. पोरं आली दारात, कात्री घेतली आणि कापून दिले तुकडे. बायका घरात ग्रहण पाळून बसलेल्या, आणि पोरं गच्चीवर माझ्या फासळ्यांतून सूर्य बघतायत. ‘दे दान, सुटे गिराण’ म्हणतात ना? मी छातीचं दान केलं.”

“अहो, ते जपायचे होते,” डॉक्टर म्हणाले.

“कशाला? आता मीच उभा आहे की तुमच्यासमोर.”

डॉक्टरांना ते पटले असावे. त्यांनी विषय सोडला. मला मात्र त्या दिवसापासून चैन पडेना. तो स्वच्छ, काळा फोटो आता कुठेच नव्हता. डॉक्टर रोज शेकडो गोष्टी पाहतात, त्यांच्या डोळ्यांत तो राहिला असेल का? माझ्यात तो राहिला होता. पण माझ्यात राहून कोणाला उपयोग?

थंडीत नागोरावांना ताप आला. बारीक ताप, कोरडा खोकला, आणि जिना चढताना पुन्हा ती जुनी धाप. सुगंधा त्यांना रिक्षातून घेऊन आली. जमनाचा आवाज आला, “श्वास घ्या! धरा!” आणि नागोरावांना खोकला आला. “परत घेऊ काका. पाहुण्याला सांगा गप बस.” दुसऱ्यांदा जमले.

ओली फिल्म माझ्यावर चढली. उजवी बाजू जशी होती तशीच होती, पांढरी, कुस्करलेली. पण डाव्या बाजूला, त्या काळ्या स्वच्छ आभाळात, धुक्याचा एक पातळ पदर आला होता. शिरगावच्या किनाऱ्यावर पहाटे पाण्यावर असतो म्हणे, तसा. ज्याने आधीचे आभाळ पाहिले नाही त्याला तो दिसलाही नसता.

डॉक्टरांचे बोट उजव्या बाजूवर गेले. त्यांच्या बोटाला ती सवय होती.

“हा डाग पेटलाय. टीबी वाटतोय.”

“पण डॉक्टर,” सुगंधा म्हणाली, “ती बाजू आण्णांची जुनीच आहे ना? ती आधीपासून तशीच होती.”

“जुनी आहे म्हणूनच म्हणतो. टीबी अशाच जुन्या जागेत दबा धरून बसतो. शिवाय त्यांच्या त्या गोळ्यांनी अंगातली ताकद कमी केलेली. आपल्याकडे किती टीबी आहे तुला माहीत आहे.” ते बोलताना कठोर नव्हते. मग थांबून म्हणाले, “विलायतेचे फोटो आणा. तुलना करून बघतो.”

नागोराव आपल्या पंजांकडे बघत राहिले.

“ते ग्रहणाला गेले,” ते शेवटी म्हणाले.

मित्रांनो, त्या खोलीत मी एकटीनेच ते दोन्ही फोटो मनात शेजारी शेजारी लावले होते. ओरडावे असे वाटले. डाव्या बाजूकडे बघा! पण मी फक्त उजळू शकते, आणि उजेड सगळीकडे सारखाच पडतो. तो बोट दाखवत नाही.

“मारुतीकाकांना विचारू या का?” सुगंधाने दबक्या आवाजात विचारले.

“डॉक्टरांच्या समोर असं बोलतात का माय?” नागोराव म्हणाले. “वीस वर्षं यांच्या हाताचा गुण आहे आपल्याला.”

टीबीची औषधे सुरू झाली. त्यात एक लाल कॅप्सूल होती. ती पुष्कळांना जीवदान देणारी कॅप्सूल आहे, तिची निंदा मी करणार नाही. पण ती शरीरात गेली की दुसऱ्या काही औषधांचा जोर मोडते. घरच्यांना गुंगीत ठेवणारी नागोरावांची गोळी अशांपैकीच होती. इथे हे कोणाला माहीत नव्हते. रोज सकाळी नागोराव दोन्ही गोळ्या निष्ठेने घेत होते, आणि आत घरचे जागे होत होते.

पुढचा फोटो आला तेव्हा धुके दाट झाले होते. नागोराव भिंतीला धरून चालत होते. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. डॉक्टर म्हणाले, “पसरतोय. औषधाला थोडा वेळ द्यायला हवा.” पण या वेळी ते फोटोकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. त्यांच्या मनात काहीतरी खुपत होते. “मागचा एक जरी फोटो असता ना,” ते स्वतःशीच पुटपुटले.

सुगंधाने ते ऐकले. ती वडिलांना घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती एकटी आली. हातात दिवाळीच्या फराळाचा पत्र्याचा डबा होता. तिने तो टेबलावर उघडला. आत काळ्या फिल्मचे तुकडे होते. काही त्रिकोणी कापलेले, काही चौकोनी. चाळीतल्या घराघरांत जाऊन तिने ते मागून आणले होते. एक तुकडा कोणाच्या कंपासपेटीत होता. एक देवघरात, ग्रहण पाहिलेली वस्तू म्हणून उदबत्तीच्या राखेजवळ ठेवलेला. एक येसूबाई नावाच्या म्हातारीने खिडकीच्या फटीत वारा अडवायला कोंबला होता. ती म्हणाली होती, “ने गं, वारा मी सोसेन. नागोरावाचा जीव आधी.”

“सगळ्या फोटोंचे नाही मिळाले,” सुगंधा म्हणाली. “शेवटच्या फोटोचे बरेच आहेत. कोपऱ्यातल्या अक्षरांवरून कळतं. लावून बघाल का?”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “जमना, चिकटपट्टी आण.”

तिघांनी मिळून तो फोटो जुळवला. फासळीला फासळी लावत. जमना म्हणाली, “बाय, ही इकडची नाय, ही खालची हाय. माशाचा काटा लावल्यासारखं बघ, मोठ्याकडून बारीककडं.” पट्टी कमी पडली तर तिने जखमेला लावायची पट्टी फाडून घेतली. अखेर फोटो उभा राहिला. खालच्या बाजूचा एक त्रिकोण तेवढा मिळाला नव्हता.

माझ्या उजव्या काचेवर नवा फोटो होता. जुळवलेला कुठे लावायचा?

डॉक्टरांनी कॅलेंडर काढले. त्याखालची माझी काच पिवळी पडली होती, कडेला कोळ्याचे जाळे होते. त्यांनी बटण दाबले. काहीच झाले नाही. ते बराच वेळ त्या मेलेल्या काचेकडे बघत राहिले. तरुणपणी दोन पावले मागे सरून जिथून पाहिले होते, तिथेच उभे राहून.

“बाळंतिणींच्या खोलीतली ट्यूब काढून आण,” ते म्हणाले.

जमनाने ट्यूब आणली, स्टुलावर चढली, ती बसवली. ती फडफडली. एकदा, पुन्हा एकदा. मित्रांनो, इतकी वर्षे अंधारात असलेल्या माझ्या त्या अर्ध्या अंगाला तेव्हा काय वाटले ते मी सांगू शकत नाही. बंद पडले तर? या क्षणी मी पेटले नाही तर? मग ती लागली.

खालच्या त्रिकोणाच्या भोकातून उघडा उजेड डॉक्टरांच्या डोळ्यांवर आला. जमनाने आपला हायपोच्या वासाचा तळवा त्यावर ठेवला. “आता बघा.”

आणि दोन नागोराव शेजारी शेजारी उभे राहिले. त्यांची स्वतःची बाजू दोन्हीकडे सारखीच होती, रेघन् रेघ तीच. तिच्यात काहीच पेटले नव्हते. पाहुण्याची बाजू एकीकडे काळी, एकीकडे धुक्याने भरलेली.

डॉक्टरांचे बोट सरकून पाहुण्याच्या बाजूवर आले.

“मी चुकीच्या बाजूला बघत होतो,” डॉक्टर सावे म्हणाले. मग, “तुझ्या काकांचा नंबर दे.”

विलायतेला फोन लागला. डॉक्टरांनी औषधांची नावे वाचून दाखवली. लाल कॅप्सूलचे नाव घेताच पलीकडचा आवाज एवढा चढला की तो मलाही ऐकू आला. ती आत्ता बंद करा. आजच्या आज मुंबईला न्या. डॉक्टरांनी फोन ठेवला, स्वतःची गाडी काढली आणि नागोरावांना मागच्या सीटवर निजवून स्वतः चालवत घेऊन गेले. दोन्ही काचा घाईत तशाच पेटत्या राहिल्या. संध्याकाळी जमनाने बटण बंद केले, तोवर ते दोन नागोराव माझ्यावर एकमेकांच्या शेजारी उभे होते आणि मी त्यांच्यामागे जळत, खरे नागोराव कुठवर पोचले असतील याचा विचार करत होते.

ते परत आले. पुष्कळ दिवसांनी, पुष्कळ वाळलेले, पण आले. धुके विरळ झाले होते. “पाहुणा जायला निघाला होता,” ते म्हणाले, “चप्पल घातली होती त्याने. पोरीने उंबऱ्यातून ओढून आणला.” त्या दिवशी सुगंधा पहिल्यांदा हसली.

त्यानंतर दर वेळी दोन्ही काचा लागायच्या. मागचा फोटो डावीकडे, आजचा उजवीकडे. मला वाटले, आता भीती संपली.

पण मित्रांनो, मला ज्याची सर्वांत जास्त भीती वाटते ते पुढेच होते. फोटो स्वच्छ येऊ लागले. डावीकडचा काळा, उजवीकडचाही काळा, फरक जवळजवळ नाही. आणि नागोरावांची धाप वाढत चालली होती.

“फोटो झकास आलाय म्हणता,” ते म्हणायचे. “मग मला दारापर्यंत चालवत का नाही?”

मुंबईच्या डॉक्टरांनी कारण सांगितले होते. पाहुण्याच्या फुप्फुसातल्या केसाएवढ्या वाटा आतून बुजत चालल्या होत्या. घरच्यांचा तो जुना राग, हळूहळू काम करणारा. त्या वाटा इतक्या बारीक की साध्या फोटोत त्या दिसत नाहीत. माझ्यासमोर एक माणूस गुदमरत होता, आणि माझ्या दोन्ही काचा सांगत होत्या की सगळे ठीक आहे. धुके दिसते तेव्हा निदान कुठे बघायचे ते कळते. स्वच्छ फोटोची भीती फार वाईट असते.

शेवटच्या वेळी भिंतीपलीकडून जमनाचा आवाज आला. “श्वास घ्या काका. धरा.” मग ती अगदी हळू म्हणाली, “नाय धरवत तर नको. सोडा. सोडा काका.” तिने फोटो काढलाच नाही. त्या दिवशी माझ्याकडे ओली फिल्म आली नाही.

नागोराव अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात गेले. दिवसकार्य झाल्यावर सुगंधा आली आणि डॉक्टरांसमोर बसली.

“ते फोटो जागेवर असते तर?” तिने विचारले. “तेव्हा ते दिवस वाया गेले नसते तर, आण्णा राहिले असते का?”

“माहीत नाही,” डॉक्टर म्हणाले. “कदाचित तरीही असंच झालं असतं. कदाचित नसतं झालं. मी किती फोटो पुढे ठेवले तरी याचं उत्तर दिसणार नाही.”

तिने मान हलवली. उत्तर नाही हे ऐकायलाच ती आली होती बहुधा.

त्यानंतर दवाखान्यात एक कपाट आले. प्रत्येकाचा फोटो आता त्यात राहतो.

पुढच्या वर्षी श्रावणाच्या तोंडाशी पुन्हा सूर्यग्रहण आले. पुन्हा दारात मुले. “जमनामावशी, काळा फोटो!”

“नाय देणार.”

“एकच दे ना! जुना, फेकायचा असला तरी चालेल.”

“अरे, फेकायचा नसतोय तो. माणूस हाय त्यात. आणि डोळे जातील तुमचे. पळा!”

मुले हटेनात. तेवढ्यात सुगंधा आली. तिच्या हातात तो पट्ट्या लावलेला फोटो होता, कपाटात ठेवायला आणलेला. मुलांना पाहून ती थांबली. मग तिने त्यांना आत बोलावले, माझी डावी काच पेटवली आणि फोटो चापात अडकवला. बाहेर ढग इतके भरून आले होते की त्या संध्याकाळी ग्रहण कोणाला दिसलेच नाही. मुले माझ्याभोवती उभी राहून नागोरावांची छाती बघत होती.

“हे कोण?” एका मुलीने विचारले.

“माझे आण्णा.”

“तुकडे का केलेत?”

“त्यांनीच केले. तुमच्याएवढ्या मुलांना वाटायला.”

“आणि हे भोक?”

“तो तुकडा मिळाला नाही.”

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे. माझा रंग उडाला आहे, पत्र्याला गंज चढतो आहे, आणि लवकरच मला उतरवून नवी पेटी लावतील. लावू देत. फक्त तिच्या दोन्ही बाजू पेटत्या ठेवायला सांगा. तुमच्या घरातल्या माणसाचा फोटो दवाखान्यातून आला की तो आढ्याला खोचू नका, सपाट ठेवा, कोरडा ठेवा, आणि पुढच्या वेळी न विसरता सोबत न्या. आज बरे असलेल्या माणसाचा फोटो जास्त जपा. पुढे तो आजारी पडेल तेव्हा त्याची बाजू मांडायला दुसरे कोणी नसते.

आणि एक मागणे आहे. सुगंधा अजून कधीतरी येते, कपाट उघडते आणि तो फोटो माझ्यावर लावते. सगळीकडून उजेड गाळून येतो, पण त्या त्रिकोणातून सरळ येतो. तिथे पुढे काहीच नसते, आणि इतक्या वर्षांनंतरही मला तिथे भीती वाटते. तुम्ही बोईसरच्या चाळींत राहत असाल, तुमच्या कंपासपेटीत, देवघरात, खिडकीच्या फटीत काळ्या फिल्मचा एक त्रिकोणी तुकडा असेल, तर तो फेकू नका. स्टेशनच्या रस्त्यावर दवाखाना आहे. जमनाकडे आणून द्या. ती कसला आहे म्हणून विचारणार नाही; तो कुठे बसवायचा ते तिला ठाऊक आहे.